हिरड्याचा झाला आलुबुखार: एका चप्पल-माहितीपत्रकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या सुभाषनगरातलं हे घर तीन पिढ्या कोल्हापुरी चपला करतंय. घराचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव आणि जर्मनीतलं गाव मुद्दाम देत नाही. घरच्यांनी लिहायला होकार दिला तो याच अटीवर. घरात चपला शिवायला बसणारे मामा, हिशेब आणि ईमेल सांभाळणारी त्यांची सून (मी तिला वहिनी म्हणते) आणि कॉलेजात शिकणारा पुतण्या. मी भाषांतराची कामं करते. रोजचं मराठी-इंग्रजी, सीमेवर राहिल्यामुळे बऱ्यापैकी कन्नड, आणि जर्मन एके काळी परीक्षा देण्यापुरतं शिकलेलं.

एका प्रदर्शनात ओळख झालेल्या जर्मन दुकानदारीणबाईंनी २०० जोड मागवायची तयारी दाखवली. अट एकच: चपलेचं माहितीपत्रक जर्मनमध्ये हवं. कोणत्या जनावराचं कातडं, कशावर कमावलेलं, कुठला भाग कशाचा. ही काही बाईंची हौस नव्हती. युरोपीय संघात पादत्राणावर वरचा भाग, अस्तर आणि बाहेरचा तळ कशाचा आहे हे दाखवावंच लागतं. त्यात २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत क्रोमियम-सहाचं (क्रोमियम धातूच्या घातक रूपाचं) प्रमाण किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. बाईंच्या दुकानाची सगळी भिस्त 'झाडाच्या सालीवर कमावलेलं, क्रोम नाही' (म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं नाही) या एका वाक्यावर होती. इकडे २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते सामाईक आहे. ते आपल्या पत्रकावर मिरवायला मिळणार याचा घरात आनंद होता.

मामांनी सांगितलं, वहिनींनी मराठीत लिहून घेतलं, पुतण्याने मोबाइलवर बहुभाषिक शब्दकोश उघडला. एक मराठी शब्द टाकला की वीस-पंचवीस भाषांत प्रतिशब्द दाखवणारा. प्रत्येक शब्दाचा पहिला प्रतिशब्द उचलायचा, वाक्यात बसवायचा. तासाभरात पत्रक तयार झालं आणि त्याच रात्री रवाना झालं.

अडचण

तीन दिवसांनी उत्तर आलं. बाई सभ्य होत्या, पण प्रश्न असे होते की वहिनींनी पत्र माझ्या हातात दिलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. बायसनचं कातडं तुम्ही कुठून आणता? भारतात त्याला संरक्षण आहे ना? रोबिनियाची साल विषारी असते, तिच्यावर कमावलेली चप्पल उघड्या पायाला चालेल का? त्यात आलुबुखाराचं काय काम? कातडं 'लायक' आहे म्हणजे काय? आणि चपलेला हाताचा अंगठा कुठे असतो?

पत्रक उघडून मूळ मराठीशेजारी ठेवलं तेव्हा एकेक उलगडत गेलं. पुतण्याने एकही शब्द कोशात चुकीचा शोधला नव्हता. प्रत्येक शब्द कोशात होता आणि कोशाने दिलेला अर्थही कुठल्या तरी संदर्भात बरोबरच होता.

असे कोश बहुतेकदा मराठीतून थेट जर्मनमध्ये जात नाहीत, मध्ये इंग्रजीच्या धर्मशाळेत मुक्काम करतात. मुक्कामी शब्दाचा हात सुटतो, आणि सकाळी त्याच नावाचा भलताच प्रवासी पुढच्या गाडीत बसतो.

'म्हैस' इंग्रजीत बफेलो झाली. अमेरिकेत बफेलो म्हणजे बायसन, म्हणून जर्मन रकान्यात बीझॉन आलं. आणि 'भारतीय बायसन' म्हणजे कोण? आपल्या दाजीपूरच्या जंगलातला गवा! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला हात लावायची सोय ठेवलेली नाही. घरच्यांना हे कळलं तेव्हा पुतण्या हसायचा थांबला.

'बाभूळ' इंग्रजीत अकेशिया, जर्मनमध्ये आकात्सिये. पण जर्मन माणूस बोलण्यात आकात्सिये म्हणतो ते बहुधा रोबिनियाच्या झाडाला. ते मूळचं उत्तर अमेरिकेचं, आणि त्याच्या शास्त्रीय नावातच 'स्यूडोअकेशिया', म्हणजे खोटी बाभूळ, असं लिहिलेलं आहे. तिकडच्या बाजारात अकेशियाचा मध म्हणून मिळतो तोही रोबिनियाचाच. रोबिनियाची साल खरोखर विषारी असते, घोड्यांना बाधते. बाईंची भीती फुकटची नव्हती.

'हिरडा' इंग्रजीत मायरोबॅलन. हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात हिरडा, बेहडा आणि आवळा तिन्ही मावतात. आपला अख्खा त्रिफळा एका शब्दात! आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून की काय, युरोपात त्याच नावाचा एक आलुबुखारही आहे. जर्मनमध्ये किर्शप्फ्लाउमं. कोशाने तोच पुढे केला.

'कमावलेलं' हा मासला मला सगळ्यांत आवडला. मराठीत पैसा कमावतात, शरीर कमावतात आणि कातडंही कमावतात. कोशाने पैशाचा अर्थ धरला आणि जर्मनमध्ये फेरडीन्ट दिलं: मिळवलेलं, लायक. हवं होतं गेगेर्प्ट. 'अंगठा' म्हणजे चपलेतलं बोट अडकवायचं कडं. मराठीत हाताचाही अंगठा, पायाचाही अंगठा, चपलेचाही अंगठा. जर्मनमध्ये गेला हाताचा. 'टाच' पायाची गेली, चपलेची नाही. 'कान', म्हणजे पट्ट्याच्या बाजूच्या चामड्याच्या पाकळ्या, ते तर खरेखुरे कान होऊन गेले.

उलट दिशेनेही तीच गत. बाईंनी भरायला पाठवलेल्या तक्त्यात 'फुटर' असा रकाना होता. कोश म्हणाला: वैरण. पुतण्याने तिथे प्रामाणिकपणे 'लागू नाही' लिहिलं होतं. फुटर म्हणजे वैरण हे खरंच, पण पादत्राणात फुटर म्हणजे अस्तर. 'आब्झात्स'चे अर्थ खप, परिच्छेद आणि बुटाची टाच. पुतण्याने खपाचा आकडा टाकला होता.

समोरचे पर्याय

बाईंनी सुधारित पत्रकासाठी दहा दिवस दिले होते. आमच्यापुढे चार वाटा होत्या.

इंग्रजीत नीट लिहून द्यायचं आणि जर्मनचं बघा म्हणायचं. स्वस्त आणि सोपं. पण बफेलो, अकेशिया, मायरोबॅलन हे तिन्ही खड्डे इंग्रजीच्याच रस्त्यात होते. ते तसेच राहिले असते, फक्त पडणारा माणूस बदलला असता.

पुण्यातल्या एखाद्या जर्मन भाषांतरकाराला काम द्यायचं. मी स्वतः हाच सल्ला दिला होता. पण त्यालाही आधी हे सांगावं लागणार की बाभूळ म्हणजे कुठली बाभूळ आणि कान म्हणजे काय. ते लिहून ठेवलेलं कुठेच नव्हतं. मामांच्या डोक्यात होतं.

आख्खा मजकूर यंत्राकडून वाक्यावाक्याने करून घ्यायचा. पुतण्याने करून दाखवलं. 'कातडं कमावणे' वाक्यात आल्यावर यंत्राला अर्थ बरोबर लागला, म्हैसही सुधारली. हिरडा मात्र आलुबुखारच राहिला, आणि वाक्य इतकं गुळगुळीत होतं की चूक आता दिसतही नव्हती. माझ्या मते ते जास्त वाईट. 'लायक कातडं' वाचून बाईंनी प्रश्न तरी विचारला.

चौथी वाट म्हणजे शब्दांचा आपला तक्ता करायचा. वस्तू समोर ठेवून, एकेका शब्दाला शास्त्रीय नाव आणि फोटो जोडून. मग त्यावरून पत्रक मी लिहायचं आणि जर्मन जाणणाऱ्या एका ओळखीच्या बाईंकडून तपासून घ्यायचं. वेळ जाणार होता. वहिनींनी एकच विचारलं, "पुढच्या गिऱ्हाइकाला हा तक्ता चालंल का?" चालेल म्हटल्यावर चौथी वाट ठरली.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र अंथरून कारखान्यातल्या जमिनीवर बसले. मामांनी एकेक वस्तू आणून ठेवली: बाभळीच्या सालीचे तुकडे, मूठभर हिरडे, तळाचं जाड कातडं, पट्ट्याचं मऊ कातडं, अर्धवट शिवलेलं पायताण. मी विचारलं, याला आणखी काही म्हणतात का? मामा म्हणाले, "हिरड्याला हिरडाच म्हणत्यात की. दुसरं काय म्हणायचं?" पण थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, कर्नाटकातल्या अथणीकडचा कातडंवाला त्याला वेगळंच काही म्हणतो.

त्या अथणीकडच्या माणसाला फोन लावला. कातडं त्याच्याकडूनच येतं, कमावतोही तोच. कातड्याची पिशवी शिवायची, तीत साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगायची, ही जुनी रीत त्याच्याकडे अजून चालते. तो कन्नडमध्ये 'जाली' म्हणाला. पुतण्याने वहीत 'जाळी' लिहिलं आणि जाळी कशाला लागते म्हणून विचारत बसला. जाली म्हणजे कन्नडमध्ये बाभूळ. पण तिथेही एक मेख आहे: 'बळ्ळारी जाली' म्हणजे बाभूळ नव्हे, आपल्याकडची वेडी बाभूळ. म्हणून विचारून घेतलं, साल कुठल्या जालीची? करिजालीची. शेंगा कशा? मण्यांच्या माळेसारख्या, दोन बियांमध्ये आवळलेल्या. तेव्हा खात्री पटली. जर्मनीत खोटी बाभूळ, इकडे वेडी बाभूळ, आणि खरी बिचारी मध्ये. हिरड्याला तो 'अळलेकाई' म्हणाला.

आता कोश काढले. कन्नडसाठी १८९४ चा किटेलचा, मराठीसाठी १८५७ चा मोल्सवर्थ. दोन्ही कोश आता इंटरनेटवर मिळतात. जुन्या कोशांचा मोठा उपयोग हा की झाडाझुडपांच्या शब्दांखाली बरेचदा शास्त्रीय नाव दिलेलं असतं. पण ती नावंही जुनी असतात. बाभळीला तेव्हा अकेशिया अरेबिका म्हणत, पुढे अकेशिया निलोटिका झालं, आणि आता व्हॅचेलिया निलोटिका. अकेशिया हे नाव कुणी ठेवायचं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. २००५ च्या व्हिएन्ना परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि २०११ च्या मेलबर्न परिषदेत तो निर्णय कायम झाला. मूळची नाव धारण करणारी आपली बाभूळ नावावाचून राहिली. (वाटण्यांत असं होतं.)

तक्त्याला सहा रकाने होते: मराठी, कन्नड, हिंदी, शास्त्रीय नाव, इंग्रजी, जर्मन. शब्द तक्त्यात घ्यायचा की नाही यासाठी तीन अटी ठेवल्या. पहिली, कोशातल्या प्रतिशब्दापुढची विषयखूण बघायची. चांगल्या कोशात 'वनस्पती', 'प्राणी', 'बूट-चांभारी' अशी खूण असते, आणि पहिला प्रतिशब्द उचलताना नजर नेमकी तिच्यावरून घसरते. दुसरी, जर्मन शब्द उलटा शोधायचा, तोही दुसऱ्या कोशात. फिरून मूळ वस्तूपाशी आला तरच खरा. तिसरी, जर्मन शब्द टाकून चित्रं बघायची आणि ती मामांना दाखवायची. मामांना जर्मन येत नाही, पण किर्शप्फ्लाउमंचं लालचुटुक चित्र बघून ते जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

असं करत हिरडा 'टर्मिनेलिया चेबुला' या नावाला बांधला. म्हैस 'वासरब्युफेल' झाली, म्हणजे पाण्यातली, बायसनशी घोटाळा नको म्हणून. चपलेचा अंगठा 'त्सेएनश्लाउफं', म्हणजे बोटाचं कडं. टाच 'आब्झात्स'. कानाला मात्र काही केल्या शब्द सापडेना. दोन तास घालवले, तीन कोश पालथे घातले. शेवटी ठरवलं की कान हा कानच राहू दे: शब्द मराठी, पुढे एक ओळ वर्णन, शेजारी फोटो. कोशात नसलेली वस्तू कोशात आहे असं भासवण्यापेक्षा हे बरं.

वेणीचा प्रश्न

खरा निर्णयाचा क्षण शब्दांचा नव्हताच. 'कमावलेलं' या शब्दाला जर्मनमध्ये नुसतं गेगेर्प्ट पुरत नव्हतं, कशावर कमावलं हेही लिहायचं होतं. तळाचं, पट्ट्याचं मामांनी सांगितलं: साल आणि हिरडा. मग मी पट्ट्यावरच्या वेणीकडे बोट केलं. बारीक बारीक पट्ट्यांची सुंदर वेणी. हे कशावर?

मामा गप्प बसले. वहिनी म्हणाल्या, "ते तयार आणतो आम्ही. शेळीचं. बाजारातनं." क्रोमवर कमावलेलं की सालीवर, हे विचारायची वेळच कधी आली नव्हती. मराठीत दोन्ही 'कमावलेलं'च. पट्टी चिरून बघितली तर आतून निळसर करडी होती. साधारण क्रोमच्या कातड्याची तीच खूण. क्रोमवरचं सगळंच कातडं घातक असतं असं नाही. कमावताना वापरतात ते क्रोमियम-तीन, त्यातून काही वेळा क्रोमियम-सहा तयार होतं, आणि मर्यादा आहे ती या सहाची. पण तपासणीशिवाय सांगणार कोण? आणि बाईंचं वाक्य तर सरळ होतं: क्रोम नाही.

पुतण्याचं म्हणणं होतं, एवढीशी वेणी, नाही लिहिलं तर काय बिघडतं. युरोपच्या लेबलचा नियमही पृष्ठभागाचा ८० टक्के भाग ज्या पदार्थाचा त्याचं नाव द्या असा आहे, वेणी त्यात बुडाली असती. पण लेबल वेगळं आणि 'क्रोम नाही' हा शब्द वेगळा. माझं काम भाषांतराचं, हा निर्णय घरचा होता, म्हणून मी दोन मसुदे लिहिले आणि उठून चहाला गेले. परत आले तेव्हा वहिनींनी दुसरा मसुदा निवडला होता: तळ आणि पट्टा म्हशीच्या कातड्याचा, साल-हिरड्यावर कमावलेला, वेणी शेळीच्या चामड्याची, कमावण्याची पद्धत तपासली जात आहे. मामा म्हणाले, "खरं हाय ते लिवा. उगंच पुढं बोंब नको."

निकाल

पत्रक नवव्या दिवशी गेलं. बाईंनी २०० ऐवजी १२० जोड बिनवेणीचे, साध्या पट्ट्याचे घेतले. वेणीच्या ८० जोडांसाठी त्यांनी चामड्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यायला सांगितलं. ऑर्डर कमी झाली याचं घरात वाईट वाटलं, आणि मला वाटतं ते स्वाभाविक आहे.

माझीही एक चूक बाहेर आली. बाभळीपुढे मी फक्त नवं नाव, व्हॅचेलिया, लिहिलं होतं. बाईंच्या ओळखीच्या चामडेवाल्याच्या यादीत अजून अकेशिया निलोटिका होतं, त्यामुळे पुन्हा एकदा 'हे कुठलं झाड' असा प्रश्न फिरून आला. एका ओळीत दोन्ही नावं दिली आणि मिटलं. शास्त्रीय नाव म्हणजे शेवटचा शब्द असं मीच पुतण्याला ठासून सांगितलं होतं, त्यामुळे त्याने माझी चांगलीच फिरकी घेतली.

कान मात्र बाईंना इतके आवडले की दुकानातल्या पाटीवर त्यांनी तोच शब्द ठेवला.

पुन्हा करायचं झालं तर

अथणीचा फोन मी पहिल्या दिवशीच लावला असता. कोश उघडण्याआधी वस्तूचं दुसऱ्या भाषेतलं नाव ती वस्तू हाताळणाऱ्याच्या तोंडून घेतलं की निम्मे घोटाळे वाचतात. आम्ही मराठीतून इंग्रजीत आणि तिथून पुढे शोधत बसलो, आणि शेजारची कन्नड, जिथे जाली आणि बळ्ळारी जाली असा भेद बोलण्यातच होता, ती आठवली दुपारी.

भारतीय भाषांपुरतं म्हणायचं तर आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने झालेला इंडोवर्डनेट हा अनेक भाषांचा शब्दसंग्रह मी आधी बघितला असता. त्यात शब्दाला नव्हे, अर्थाला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली वेगवेगळ्या भाषांतले शब्द येतात. 'कमावणे'सारख्या शब्दाला अशा रचनेत निदान आपण कुठल्या अर्थावर उभे आहोत ते दिसतं. कारागिरीचे शब्द अशा ठिकाणी विरळ सापडतात, ही अडचण राहतेच.

पहिलं पत्रक पाठवण्याआधी जर्मनमधून मराठीत एकदा उलटं वाचलं असतं, तर 'लायक बायसन, आलुबुखारावर' हे पुतण्याच्याच डोळ्यांना दिसलं असतं. त्यासाठी जर्मन येण्याची गरज नव्हती. आणि वेणीचं विचारायला मी तिसरा दिवस उजाडू दिला. भाग मोजत पहिल्याच बैठकीत विचारलं असतं, तर नमुना तपासायला वेळ मिळाला असता आणि कदाचित ८० जोड गेलेही असते.

तक्ता आता कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. त्यात नंतर पुतण्याने दोरा, राळ, गोंडा असे शब्द भरलेत. वेणीसाठी घरच्यांनी अथणीकडूनच शेळीचं कातडं साल-हिरड्यावर कमावून मागवलं आहे. पहिला लॉट पावसात वाळेना म्हणून अजून तिकडेच टांगलेला आहे.